अजून एक फेरी

होडी ट्रॉलीवर चढवायला दहा माणसं लागली. उसाची ट्रॉली ती, होडीच्या मानानं आखूड. होडीचं नाक पुढं ट्रॅक्टरच्या सीटवर आलं, तसा ड्रायव्हर ओरडला, "अहो साहेब, मी काय मान वाकडी करून चालवू व्हय?"

"ट्रॅक्टर कॅमेऱ्यात येणारच नाही," ईशान सर भोंग्यातून म्हणाले. "फक्त होडी दिसणार. पाणी आपण नंतर पुण्यात घालणार आहोत."

"पुण्यात पानी घालनार म्हनं." शेजारची सुशाक्का आपल्या स्लॅबच्या कठड्यावरनं वाकून बघत होती. "चार वर्सामागं हितं घातलं ते कमी पडलं व्हय रं बाबा?"

गल्ली हसली. मीही हसले. पण माझं लक्ष तिच्या कडेवर होतं. माझी चिनू होती तिथं, साडेचार वर्षांची, तोंडात बोट घालून खाली बघत.

"आक्का, कठड्यापासनं मागं हो," मी सकाळपासून तिसऱ्यांदा ओरडले. "तिला खाली सोडू नकोस. आणि कुणी काही खायला दिलं तर तिला खाऊ देऊ नकोस."

"अगं व्हय गं बाई! तुझी पोरगी काय काचंची हाय?"

ज्या बाईनं आपलं आठ महिन्यांचं बाळ एकदा दुसऱ्याच्या हातात दिलंय, तिला असले प्रश्न विचारू नयेत.

आमच्या सावरडोहमध्ये सिनेमाचं शूटिंग होतं. थेटरात लागायचा सिनेमा नव्हता तो. धैर्यवर्धन रेठरेकर, म्हणजे आमचे भैयासाहेब, आमदारकीला उभे राहणार होते आणि त्यांच्या आयुष्यावरचा हा सिनेमा निवडणुकीआधी मोठ्या पडद्याच्या गाडीवरून गावोगाव दाखवायचा होता. त्यातला मुख्य प्रसंग महापुराचा. आणि त्या प्रसंगातली मुख्य बाई मी.

चार वर्षांपूर्वी नदी गावात शिरली तेव्हा भैयासाहेबांनी होडी आणून मला आणि चिनूला आमच्या स्लॅबवरून उचललं. माझ्या नवऱ्याला, सन्मतीला, दुसऱ्या खेपेला नेतो म्हणून मागं ठेवलं. दुसरी खेप झाली नाही. दुपारी मातीची मागची भिंत बसली, तिच्यावरचा स्लॅब गेला आणि सन्मती तीन दिवसांनी सापडला. होडीतलं पेट्रोल संपलं, असं गावाला सांगितलं गेलं. ते खरंच होतं. कशात संपलं, ते कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पहिल्या पानावर फोटो आला. भैयासाहेबांच्या हातात माझी चिनू, तोंड वासून रडणारी, आणि मागं बुडालेलं गाव. त्या एका फोटोवर माणूस जिल्हा परिषदेत गेला. फोटो पोस्टरवर आला, दूध संघाच्या कॅलेंडरवर आला, त्यांच्या हायस्कूलच्या भिंतीवर दहा फुटी रंगवला गेला. त्या हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवायचे. बीएस्सी, बीएड, आणि नोकरी अजून कच्ची. रोज सकाळी माझ्याच लेकीच्या रडक्या तोंडाखालून मी आत जायचे आणि रोज संध्याकाळी बाहेर यायचे.

लोक म्हणायचे, पोरीचं नशीब बघा, भैयासाहेबांसारखा मामा मिळाला.

आठ दिवसांपूर्वी हेडसरांनी मला ऑफिसात बोलावून दोन कागद दिले होते. "तुमचा सीन आहे मॅडम. पाठ करा. भैयासाहेब म्हणालेत, सिनेमा झाला की तुमच्या मान्यतेची फाईल ते स्वतः घेऊन जाणार."

मी तिथंच उभ्या उभ्या वाचलं. माझी वाक्यं साधी होती, रडायचं आणि हात जोडायचे. खाली सन्मतीचं वाक्य होतं. स्लॅबवर उभा राहून त्यानं ओरडायचं होतं, "भैयासाहेब, माझी काळजी करू नका! आधी गाव वाचवा! मी एकटा मेलो तरी चालेल!"

मी ते पुन्हा वाचलं.

मोटारीचं रिवाइंडिंग करणारा माणूस तो. त्याचं दुकान, त्याच्या हाताला येणारा तांब्याच्या तारेचा वास, जेवताना पेपर वाचायची सवय. तो असलं वाक्य जन्मात बोलला नसता. पण हा सिनेमा गावोगाव दिसणार होता. चिनू मोठी झाल्यावर बघणार होती. आपले पप्पा मरायला राजी होते, आपल्याला आणि आईला सोडून हसत हसत राजी होते, हेच तिला कळणार होतं. आणि ते तिला सांगणार कोण? तर हा माणूस.

"छान आहे ना?" हेडसरांनी विचारलं.

"छान आहे सर," मी म्हणाले. त्या दिवसापासून मी नखं कापली नाहीत.

ईशान सर पुण्याचे, दाढी राखलेले, बोलायला मऊ. त्यांची रीत वेगळी होती. नट आणायचे नाहीत, ज्याचं त्यानंच काम करायचं, जिथं घडलं तिथंच. "तुम्ही ओळी पाठ नाही केल्या तरी चालेल ताई," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "जसं झालं तसं करायचं. अस्सल हवंय मला."

"मग सर, त्या दिवशी होडी आमच्या घरासमोरनं तीन वेळा फिरली होती," मी म्हणाले.

"तीन वेळा?"

"आम्हाला घेतल्यावर. गावानं बघितलंय. सगळे आपापल्या स्लॅबवर होते."

ईशान सरांचे डोळे चमकले. "प्रवाहाशी झुंज! तीन फेऱ्या! वा!"

भैयासाहेब शेजारीच खुर्चीवर होते. क्षणभर त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, डोळ्याला पदर लावला. त्यांचा चेहरा सैल झाला.

"ओढच तसली होती पाण्याला," ते म्हणाले. "ठेवा तीन फेऱ्या. लोकांना कळू दे, किती झटलो."

"आणि सर," मी म्हणाले, "लोकांनाही त्यांच्या त्यांच्या स्लॅबवर उभं करा. होडीतलं बोलणं त्यांना ऐकू आलं ना, तर ते खरं रडतील. त्या दिवशी पावसात कुणाला काही ऐकू आलं नव्हतं."

"म्हणजे माइक लावून भोंग्यावर सोडायचं?" ईशान सरांनी भैयासाहेबांकडं बघितलं.

भैयासाहेबांनी आयुष्यात माइकला नाही म्हटलेलं नाही.

एकच माणूस उरला होता. दत्तू आंबी, त्या दिवशी होडीच्या मशीनवर बसलेला. आम्ही त्याला तात्या म्हणायचो. पुरानंतर भैयासाहेबांनी त्याला नवी फायबरची होडी दिली होती, हीच, निळी, जुनीएवढीच मोठी, दोन्ही अंगांना भैयासाहेबांचं नाव लिहिलेली. तेव्हापासून तात्या आमच्या गल्लीत पाय ठेवत नव्हता. समोरून मी आले की रस्ता बदलायचा. शूटिंगच्या आदल्या दिवशी मी घाटावर गेले. तो जाळं विणत बसला होता.

"तात्या, उद्या त्या दिवशीचंच बोला."

"नगं पोरी." त्यानं वर बघितलं नाही. "म्हातारा झालो मी. ही होडी गेली तर खाऊ काय?"

"मी कुठं काय म्हणते? जे बोललात तेच बोला."

तो गाठ मारत राहिला. मी परत आले. तो बोलेल की नाही, मला अजिबात खात्री नव्हती.

तर सकाळचे दहा वाजले होते. ट्रॉलीवर होडी, होडीत मागं मशीनपाशी तात्या, मधे मी, पुढं भैयासाहेब. समोर गुडघ्यावर बसून कॅमेरा धरलेला ईशान सरांचा माणूस. तोच त्या दिवशीचा प्रेसवाला म्हणून दिसणार होता. तिघांनाही कॉलर माइक लावलेले, ईशान सर खाली ट्रॉलीबरोबर चालणार. भैयासाहेबांच्या अंगावर दोन बादल्या पाणी ओतलं गेलं.

"जरा कमी ओता रे, सर्दी होईल," ते म्हणाले, आणि ते वाक्य भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू गेलं. लोक हसले. भैयासाहेबही हसले, वर हात केला. हसणाऱ्या लोकांचं त्यांना फार आवडायचं.

बाळाचा प्रश्न होता. ईशान सरांना खरं बाळ हवं होतं. गल्लीत दोन होती. दोघींच्याही आया तयार होत्या. मी नको म्हटलं. "माझ्या हातात कुणाचं बाळ नको सर." तेव्हा प्लास्टिकची बाहुली आणली, सन्मतीच्या जुन्या टॉवेलात गुंडाळली.

"रडण्याचा आवाज आपण नंतर टाकू," ईशान सर म्हणाले.

आमच्या नव्या स्लॅबवर माझा दीर भरतेश उभा होता, भावाचा चौकड्याचा शर्ट घालून. वयानं तो आता सन्मतीएवढाच झाला होता. हातात त्याच्या वाक्याचा कागद. ते वाक्य तिसऱ्या फेरीला म्हणायचं होतं.

"भरतेश," मी खालून म्हणाले, "दर फेरीला होडी जवळ आली की हात पुढं करायचा. चढायला करतात तसा."

"का वहिनी?"

"तुझा दादा करायचा."

पहिली फेरी सुरू झाली. ट्रॅक्टरनं धूर सोडला, होडी डुलली. भैयासाहेबांनी बाहुली छातीशी धरली. "घाबरू नका ताई, तुमचा भाऊ आलाय!" भोंगा घुमला. स्लॅबास्लॅबांवर बायकांनी डोळ्यांना पदर लावले. काही खरंच रडत होत्या. होडी घराजवळून गेली, भरतेशनं हात पुढं केला, होडी पुढं निघाली. हात तसाच राहिला.

गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टर वळेना. ड्रायव्हर शिव्या घालू लागला, त्या मात्र भोंग्यात येत नव्हत्या. "पुरात असलं वळान न्हवतं बाबा," कुणीतरी म्हणालं.

दुसरी फेरी. पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा "तुमचा भाऊ आलाय." भरतेशचा हात पुन्हा पुढं आला. या वेळी मी वर बघितलं. शर्टाची बाही, तो पुढं आलेला हात. चार वर्षं मी स्वतःला ते बघू दिलं नव्हतं. त्या दिवशी दर वेळी होडी जवळ आली की सन्मतीला वाटायचं, आता मला घेणार. तो पायातली चप्पल काढून हातात घ्यायचा आणि दुसरा हात पुढं करायचा.

"सुंदर!" ईशान सर म्हणाले. "तात्या, तुम्ही अगदी गप्प आहात. त्या वेळी तुम्ही काहीच बोलला नव्हता का?"

तात्या मशीनकडं बघत राहिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर तो बोलला नसता.

तिसरी फेरी. होडी घराजवळ आली. भरतेशनं हात पुढं केला. कागदावरचं वाक्य आता म्हणायचं होतं. तो कागदाकडं न बघता होडीकडंच बघत होता. वरून त्याला सगळं दिसत होतं. दहा माणसांची होडी आणि आत चार माणसं.

"अरे, पण जागा हाय की!" तो ओरडला. "एवढी जागा हाय की होडीत! दादाला का घेतला न्हाई?"

"भरतेशदादा, ओळ," ईशान सर हळूच म्हणाले.

ट्रॅक्टर थांबला. तात्यानं घसा खाकरला. तो आवाजही भोंग्यातून गेला.

"मी म्हनलो हुतो," तात्या म्हणाला. "भैया, तेल संपत आलंय. सन्मतीला घेऊ आन् कडंला लागू, असं म्हनलो हुतो."

"छान, छान, बोला," ईशान सर म्हणाले. बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं. "आणि भैयासाहेब काय म्हणाले?"

"हे कट करा," भैयासाहेब म्हणाले. "म्हाताऱ्याला आठवत नाही."

"अजून एक फेरी, म्हनले," तात्या म्हणाला. "पैल्या फेरीला तोंडावर उजेड न्हवता. दुसऱ्या फेरीला बाळ झोपलं हुतं. फोटो नीट आला न्हाई. अजून एक फेरी मार, म्हनले. मी मारली. तिसऱ्या फेरीला तेल संपलं."

कुठंतरी एक शेळी ओरडली, तेवढीच.

"फोटो?" सुशाक्काचा आवाज वरून आला. "आमी म्हनलो पान्याला वढ हाय. होडी लागंना म्हनून फिरवाय लागल्यात. समद्यांनी बघितलं की गं आमी. फोटोसाठनं?"

मला वाटलं, झालं. आता लोक खाली उतरतील.

पण भैयासाहेबांना मी ओळखलंच नव्हतं. ते होडीत उभे राहिले. दोन्ही हात जोडले. खांदे हलायला लागले, आणि डोळ्यांतून पाणी. ओतलेलं नव्हे, खरं पाणी.

"होय," ते म्हणाले. भोंगा गदगदला. "होय माझ्या मायबापांनो. चुकलो मी. तेव्हा पोरवय होतं, तो प्रेसवाला सांगत गेला, मी ऐकत गेलो. चार वर्षं मी रात्री झोपलो नाही. आज माझ्या या बहिणीनं मला आरसा दाखवला. सन्मती माझा धाकटा भाऊ होता. तुम्ही मला आत्ता इथं दगड मारा. मारा!"

कुणी दगड मारला नाही. पलीकडच्या स्लॅबवरची एक बाई म्हणाली, "कबूल केलं की त्यानं." तिच्या शेजारचा म्हणाला, "मोठं मन लागतं त्याला." ईशान सर बोटानं कॅमेरावाल्याला खुणावत होते, चालू ठेव, चालू ठेव. मी माझ्या डोळ्यांनी बघत होते की हा माणूस माझ्या नवऱ्याच्या मरणाचा दुसऱ्यांदा फोटो काढून घेतोय, आणि हा पहिल्यापेक्षा चांगला येतोय.

"पण एक सांगतो," भैयासाहेब डोळे पुसत म्हणाले. "ते बाळ तर वाचवलं मी? तेवढं तरी पुण्य माझ्या पदरात आहे की नाही? कुठाय माझी चिनू? सुशाक्का, आणा तिला. ये गं बाळा, मामाकडं ये!"

आणि सुशाक्का, माझी सुशाक्का, एका हातानं डोळे टिपत चिनूला घेऊन जिन्याकडं निघाली.

त्यानंतर मी काय बोलले, ते मला शब्दाशब्दानं आठवतं.

"भैयासाहेब," मी म्हणाले, "रडं तुम्हाला काढता येतं. माझ्या लेकीचंही तुम्हीच काढलं होतं."

"काय म्हणता ताई?"

"ती झोपली होती. तात्या म्हणाले ना आत्ता. दोन फेऱ्या माझं बाळ तुमच्या खांद्यावर गाढ झोपलं होतं. तिसऱ्या फेरीला तुमचा प्रेसवाला म्हणाला, रडणारं बाळ असतं तर फोटो गाजला असता. मग ती रडली. एकदम किंचाळून. मला वाटलं, विंचू चावला." मी हळू बोलत होते. वर्गात बोलते तसं. भोंगा माझं काम करत होता. "शाळेतल्या छावणीत मी तिचा लंगोट बदलला तेव्हा मांडीच्या आतल्या बाजूला बघितलं. दोन बोटांची खूण. काळीनिळी. पंधरा दिवस होती."

"ताई, तुम्ही आत्ता भानावर नाही आहात."

"ईशान सर अस्सल मागतात," मी म्हणाले. "रडं कसं काढलं होतं, ते दाखवते."

त्यांचा दंड माझ्या तोंडासमोरच होता. ओल्या टी-शर्टाची आखूड बाही. दंडाच्या आतल्या अंगाला, काखेजवळ, जिथं माणसाचं कातडं अगदी मऊ असतं, तिथं मी दोन बोटांनी धरलं. आठ दिवसांची नखं होती. मी पिळलं. चार वर्षं ज्या फोटोखालून चालत होते, त्या प्रत्येक दिवसाचं पिळलं.

"आई गं! आई गं! सोड, सोड सटवे!"

भोंगा शिट्टी मारून किंचाळला. भैयासाहेब मागं सरले, ओल्या फायबरवरून पाय घसरला आणि ते होडीत उताणे पडले, दोन्ही पाय वर. होडी एका अंगाला कलली. तात्यानं सवयीनं मशीनचा दांडा धरला, जसं काही खाली पाणी आहे.

पहिला हसला ट्रॅक्टरवाला. त्याचं हसणं घोड्यासारखं होतं. मग समोरच्या स्लॅबवर कुणीतरी. मग एक बाई, पदर तोंडात कोंबून. भैयासाहेब उठायला गेले आणि पुन्हा घसरले, तेव्हा सगळी गल्ली हसली. ज्यांनी आत्ता डोळे टिपले होते, तेही. आणि लांब मारुतीच्या देवळाकडच्या स्लॅबवरून, कुणी ते अजून कळलं नाही, एक आवाज आला:

"भैया, अजून एक फेरी!"

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. रडणाऱ्या लोकांपुढं हा माणूस कधीही जिंकला असता. चिडलेल्या लोकांपुढंही. हसणाऱ्यांपुढं त्याला काही सुचेना. त्यानं तोंड उघडलं, भोंग्यातून नुसता श्वास आला, आणि लोक आणखी हसले. शेवटी त्यानं कॉलरचा माइक ओरबाडून काढला, ट्रॉलीवरून उडी मारली आणि गाडीकडं गेला. अंगातून पाणी निथळत होतं.

तो सिनेमा कधी आला नाही. पण स्लॅबास्लॅबांवर फोन होते, आणि चहाच्या वेळेपर्यंत तालुक्यानं तो चिमटा बघितला होता. तिकीट त्यांना मिळालं. सभा झाल्या. प्रत्येक सभेत, भाषण रंगात आलं की मागून कुणीतरी ओरडायचं, "अजून एक फेरी!" आणि मांडव हसायचा. शेवटच्या सभेला मी मुद्दाम बस करून गेले. चिनूला सुशाक्काकडं ठेवलं होतं. मी मागं उभी राहिले, ती हाक ऐकली, त्यांचा चेहरा बघितला आणि परतीच्या बसमध्ये पिशवीतले शेंगदाणे चवीनं खाल्ले. भैयासाहेब निवडणुकीत पडले. माझी नोकरी शूटिंगनंतरच्या सोमवारीच गेली होती, मान्यतेची फाईल कुणी कुठं टाकली माहीत नाही. आता मी शहरात क्लास घेते. तात्याची होडी परत नेली. त्याचं मला वाईट वाटतं. भैयासाहेबांचं, त्या शूटिंगला पाच वर्षं झाली, एक दिवस वाटलेलं नाही.

पण त्या दुपारी हे सगळं अजून व्हायचं होतं. गाडी धुरळा उडवून गेली, लोक हसून हसून दमले आणि मग हळूहळू गप्प झाले. आपण कशावर हसतोय, ते त्यांना आठवलं असावं. कुणी स्लॅबवरून उतरेना. मी होडीतच बसून होते.

"वहिनी," भरतेश वरून म्हणाला. त्याच्या हातात अजून कागद होता. "माझं वाक्य ऱ्हायलं."

"फाड ते."

त्यानं फाडलं. नीट चार तुकडे केले आणि खिशात ठेवले. मग म्हणाला, "मग दादा काय म्हनला हुता?"

चार वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाईंनी नाही, पेपरवाल्यांनी नाही. सगळ्यांना वाटायचं, मी रडेन. तिसऱ्या फेरीनंतर होडी लांब जायला लागली, तेव्हा सन्मतीनं पुढं केलेला हात मागं घेतला होता. त्याला कळलं होतं. मग त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडला. मला वाटलं, माझं नाव घेईल.

"पाणी उकळून दे गं तिला, असं म्हणाला," मी म्हणाले. पदराला लावलेला माइक काढायचा राहिला होता. ते सगळ्या गावाला ऐकू गेलं.

भरतेश स्लॅबच्या कडेला आला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि त्याच्या गळ्यातून त्याच्या भावाचा आवाज निघाला.

"पानी उकळून दे गं तिला!"

सुशाक्का जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिच्या कडेवरून चिनूनं मान वर केली, काकाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुणाला?" तिनं विचारलं.

"तुला," मी म्हणाले.